कोणाच्या वतीनें?

शिरूर कासार हें बीड जिल्ह्यांत सिंदफणेच्या कांठीं वसलेलें तालुक्याचें गांव. पाऊस बेताचा, जमीन बरीचशी कोरडवाहू; आणि दसरा उलटला कीं या तालुक्यांतील कितीतरी कुटुंबें बिऱ्हाड बांधून साखरपट्ट्याकडे ऊस तोडावयास निघतात. येथील एखादा शेतकरी पीकविम्याचें अगर पाणंद रस्त्याचें गाऱ्हाणें घेऊन तहसील कचेरींत गेला, तर त्याच्या अर्जाची पहिली गांठ साहेबांशीं पडत नाहीं, बारनिशीच्या कारकुनाशीं पडते. तेथें अर्जावर तारखेचा शिक्का बसतो, आवक क्रमांक पडतो, अर्जदाराचें नांव, गांव व अर्जाचा विषय वहींत चढतो, आणि मागितल्यास दुसऱ्या प्रतीवर पोंच मिळते. त्या अर्जाचें पुढें काय होतें ती गोष्ट निराळी. परंतु अमक्या दिवशीं अमक्यानें सरकारकडे अमुक मागितलें, एवढी गोष्ट तरी कागदावर राहते. आणि २००५ च्या माहिती अधिकाराच्या कायद्यानें ती कोणाहि नागरिकास मागून पाहतां येते.

आतां दुसरें चित्र पहा. मुंबईस अगर दिल्लीस एखाद्या मोठ्या धंद्याचा प्रतिनिधि मंत्र्यांच्या दालनांत जातो. चहा होतो, घटकाभर बोलणें होतें, एखादें टिपण हातीं ठेवलें जातें. कांहीं आठवड्यांनीं राजपत्रांत एक अधिसूचना निघते आणि कोट्यवधि रुपयांचा ओघ एका बाजूचा दुसऱ्या बाजूला वळतो. हा गृहस्थ कोण, कोणाच्या वतीनें आला, त्यासाठीं त्यास कोणी किती द्रव्य दिलें आणि त्यानें मागितलें तरी काय, हें लोकांपुढें मांडण्याचें बंधन आपल्या देशांत कोणत्याहि कायद्यानें घातलेलें नाहीं. इमारतीच्या फाटकावर त्याच्या नांवाचा पास निघाला असेल. पण फाटकावरची नोंद माणूस आंत गेल्याची असते, आंत काय बोलला त्याची नव्हे. अशा रीतीनें लहान माणसाच्या मागणीची नोंद होते आणि मोठ्या माणसाच्या मागणीची होत नाहीं, असा हा उलटा व्यवहार आहे, व त्याचाच आज थोडा विचार करावयाचा आहे.

या प्रकारास इंग्रजींत ‘लॉबिंग’ म्हणतात. पार्लमेंटच्या सभागृहाबाहेरील ज्या ओवरींत लोक आपल्या प्रतिनिधींस गांठीत, तिचें हें नांव. आपल्याकडे शब्द निराळे असले तरी वस्तु जुनीच आहे: शब्द टाकणें, भीड घालणें, वशिला लावणें. एकत्र कुटुंबांत वाढलेल्या माणसास याची फोड करून सांगण्याचें कारण नाहीं. नातवास सहलीला जावयाचें असलें म्हणजे तो थेट आजोबांपुढें उभा राहत नाहीं. तो आधीं आजीकडे जातो, आणि आजी आजोबांचें जेवण होऊन सुपारी कातरतांना योग्य वेळ साधते. हाहि वशिलाच. पण घरांतल्या सर्वांस तो ठाऊक असतो, धाकट्या सुनेपासून मोलकरणीपर्यंत; आणि म्हणूनच दुसऱ्या नातवावर अन्याय होत असेल तर त्याची आईहि वेळींच तोंड उघडूं शकते. सरकारपुढें आपलें म्हणणें मांडणें हा गुन्हा नव्हे. तो नागरिकाचा हक्क आहे. गाऱ्हाणें कोणाचें, हें मात्र लपतां कामा नये.

आमच्या प्रांतास ही गोष्ट नवी नाहीं. साताऱ्याचे छत्रपति प्रतापसिंह महाराज यांस १८३९ सालीं पदच्युत करण्यांत आल्यावर त्यांची बाजू कंपनीच्या डायरेक्टरांपुढें व पार्लमेंटपुढें मांडण्याकरितां रंगो बापूजी गुप्ते विलायतेस गेले आणि १८५३ पर्यंत तेथें चिकाटीनें झगडले. त्यांस यश आलें नाहीं. परंतु ते कोणाचे वकील आहेत, याविषयीं लंडनमध्यें कोणासहि शंका नव्हती.

याहूनहि बोधप्रद उदाहरण पुण्याचें आहे. पर्वती देवस्थानच्या कारभाराविषयींच्या तक्रारींतून पुण्यांत जी चळवळ उठली, तिच्यांतून २ एप्रिल १८७० रोजीं सार्वजनिक सभा स्थापन झाली. औंधचे श्रीनिवासराव पंतप्रतिनिधि तिचे अध्यक्ष, आणि गणेश वासुदेव जोशी, ज्यांस महाराष्ट्र ‘सार्वजनिक काका’ म्हणून ओळखतो, ते तिचे प्राण. पुढील सालीं न्यायमूर्ति रानडे पुण्यास आले व सभेस त्यांच्या बुद्धीची जोड मिळाली. हें सर्व वाचकांस ठाऊक असेलच. परंतु सभेच्या घटनेंतील एक कलम आज फारसें कोणी आठवीत नाहीं. सभेचा सभासद होऊं इच्छिणाऱ्यास निदान पन्नास माणसांच्या सह्यांचें मुखत्यारपत्र आणावें लागे. सरकारनें उद्यां विचारलें कीं, ‘तुम्ही लोकांच्या वतीनें बोलतां, तर ते लोक कोण?’ तर सह्या पुढें करतां याव्यात. आरंभींच सुमारें सहा हजार लोकांनीं मुखत्यारपत्रें देऊन पंचाण्णव प्रतिनिधि निवडले. त्या काळीं मताधिकार नव्हता, निवडणूक नव्हती, कायद्याची तर मुळींच सक्ति नव्हती. तरीहि सरकारदारीं बोलावयास जाणाऱ्यानें आपण कोणाचे मुखत्यार हें आधीं सांगावें, ही शिस्त त्या मंडळींनीं आपण होऊन पत्करिली. पुढें सभेनें आपलें त्रैमासिक काढलें आणि सरकारकडे धाडलेले अर्ज व त्यांवरील विचार लोकांपुढें ठेवले. दुष्काळाच्या दिवसांत गांवोगांवची माहिती गोळा करून तिनें सरकारशीं जी लिहापढी केली, ती सर्व उघड होती. १८९७ सालीं मुंबई सरकारनें सभेची मान्यता काढून घेतली, आणि सार्वजनिक प्रश्नांवर सरकारास लिहिण्याचा तिचा अधिकार नाकारला. जिचें सर्व बोलणें उघड त्या सभेस दार बंद झालें; ज्यांचें बोलणें गुप्त त्यांचें दार त्या वेळींहि बंद झालें नसावें, असा आमचा तर्क आहे.

स्वराज्य आल्यावर हा प्रश्न किती लवकर उभा राहिला, हें पाहण्यासारखें आहे. १९५१ सालीं अद्याप पहिली सार्वत्रिक निवडणूकहि झाली नव्हती. तात्पुरत्या पार्लमेंटांत मुंबईचे एक सभासद एच. जी. मुदगल हे होते. मुंबईच्या सोन्याचांदीच्या व्यापाऱ्यांच्या संघाकडून, म्हणजे बाँबे बुलियन असोसिएशनकडून, त्यांनीं पैसा घेतला व त्याच्या मोबदल्यांत सभागृहांत प्रश्न विचारणें, वायदेबाजाराच्या विधेयकास दुरुस्त्या सुचविणें आणि मंत्र्यांच्या भेटी घडवून आणणें अशीं कामें केलीं, असा आरोप आला. पंडित नेहरूंनीं स्वतः चौकशी-समितीचा ठराव मांडला. समितीनें दोष दिला, आणि सभागृह त्यांस काढून टाकणार इतक्यांत सप्टेंबरमध्यें त्यांनीं राजीनामा दिला. प्रकरण तेथें मिटलें. पैसा घेणाऱ्याचें पद गेलें. पण पैसा देणाऱ्या संघांनीं आपल्या खटपटी कोठें तरी नोंदवाव्यात, असा नियम मात्र त्या वेळीं कोणास सुचला नाहीं.

सहा वर्षांनीं तोच प्रश्न मुंबईच्या हायकोर्टांत दुसऱ्या वाटेनें आला. टाटा आयर्न अँड स्टील कंपनीस राजकीय पक्षांस देणग्या देण्याची मुभा आपल्या घटनापत्रांत घालून हवी होती. एका भागीदारानें हरकत घेतली. मुख्य न्यायमूर्ति छागला यांस कायद्याप्रमाणें कंपनीस परवानगी द्यावी लागली. परंतु ती देतांना, ही वाट लोकशाहीस धोक्याची आहे व पार्लमेंटनें वेळींच लक्ष घालावें, असा इशारा त्यांनीं दिला. पार्लमेंटनें १९६० सालीं देणगीस मर्यादा घातली आणि कंपनीच्या हिशेबांत ती दाखविण्याची सक्ति केली. पुढें १९६९ सालीं अशा देणग्यांस बंदी आली, ती १९८५ सालीं उठली. २०१३ च्या कंपनी कायद्यानें नफ्याच्या साडेसात टक्क्यांची मर्यादा ठरविली. २०१७ सालीं ती मर्यादाहि गेली आणि देणगी कोणत्या पक्षास दिली हें सांगण्याची अटहि गेली. आणि २०१८ पासून निवडणूक रोखे आले, ज्यांवर देणाराचें नांवच लोकांस दिसत नव्हतें. १५ फेब्रुवारी २०२४ रोजीं सुप्रीम कोर्टाच्या पांच न्यायमूर्तींनीं ती योजना घटनाबाह्य ठरविली. न्यायपीठाचे अध्यक्ष धनंजय चंद्रचूड हे आपल्याच पुणें जिल्ह्यांतील मूळ घराण्याचे. द्रव्य देणाऱ्यास धोरण ठरविणारांच्या पंक्तीस पान मिळतें, अशा आशयाचा विचार त्या निकालांत आहे. त्यानंतर नांवें प्रसिद्ध झालीं. म्हणजे पक्षास पैसा कोणी दिला, हें सांगण्याची सक्ति निदान या निकालानें पुन्हा उभी राहिली. त्या पंक्तीस बसल्यावर पाहुण्यानें काय मागून घेतलें, त्याची नोंद मात्र अद्यापहि नाहीं.

ही मागणी शिरूर कासारपर्यंत कशी पोंचते, हें आतां पाहूं. आमच्या वाचकभगिनी सकाळच्या चहांत जी साखर घालतात, तिची गोष्ट घ्या. २०१८ च्या जूनमध्यें केंद्र सरकारनें, कारखान्यानें किलोस २९ रुपयांहून कमी भावानें साखर विकूं नये असा नियम केला. २०१९ च्या फेब्रुवारींत तो आंकडा ३१ केला. ७ डिसेंबर २०२३ रोजीं उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यास सरकारनें मनाई केली, कारण साखरेचा तुटवडा पडेल अशी भीति होती. कारखानदारांत एकच हलकल्लोळ झाला, आणि १५ डिसेंबरला, म्हणजे अवघ्या आठ दिवसांत, १७ लाख टन साखरेच्या मर्यादेपर्यंत ती मनाई सैल झाली. त्याच वर्षाच्या फेब्रुवारींतील अंदाजपत्रकांत सहकारी कारखान्यांचा एक जुना कर-तंटा मिटविण्यांत आला होता. शेतकऱ्यांस ठरलेल्या किंमतीहून जो अधिक भाव दिला जाई, तो नफा समजून त्यावर आयकर मागितला जात असे. २०१६-१७ च्या पूर्वींची अशी रक्कम खर्च म्हणून धरण्याची सवलत मिळाली. अर्थमंत्र्यांनीं स्वतःच सांगितलें कीं, त्यामुळें कारखान्यांस सुमारें १०,००० कोटि रुपयांचा दिलासा मिळेल.

या मागण्या गैर होत्या असें आमचें म्हणणें नाहीं. शेतकऱ्यास चार पैसे जास्त दिले म्हणून कर लावणें हें आम्हांसहि विपरीतच वाटतें. धनंजयराव गाडगीळ आणि विठ्ठलराव विखे पाटील यांनीं प्रवरेच्या कांठीं जो सहकारी कारखाना १९५० च्या सुमारास उभा केला, त्याच्या आधारानें महाराष्ट्रांतील कितीतरी खेडीं वर आलीं, हें कोण नाकारील? सवाल एवढाच आहे कीं, एका वाक्यानें दहा हजार कोटींचा निकाल लागतो, तेव्हां त्या वाक्यापूर्वीं कोण कोणास कितीदां भेटलें, कोणतें टिपण दिलें, हें त्या रकमेच्या मालकांस, म्हणजे जनतेस, कळूं नये काय? साखर-धंद्याचें आणखी एक वैशिष्ट्य आहे. येथें पुष्कळदां मागणारा व देणारा हे एकच असतात. कारखान्याचे अध्यक्ष आमदार होतात, आमदारांचे मंत्री होतात; त्यांस मध्यस्थ लागत नाहीं. म्हणून केवळ पगारी मध्यस्थांची यादी करणारा कायदा महाराष्ट्रांत निकामी ठरेल. येथें नोंद करावयाची ती भेटीची, भेटणाराच्या धंद्याची नव्हे.

आणि ज्या माणसांनीं तो ऊस तोडला त्यांची मागणी कशी जाते? शिरूर कासार, पाटोदा, वडवणी, धारूर या बाजूचे तोडकरी नवरा-बायकोची जोडी मिळून ‘एक कोयता’ समजले जातात. मुकादमाकडून उचल घ्यावयाची, ती फिटेपर्यंत फडांत राबावयाचें, कोपींत राहावयाचें, आणि आजारानें एक दिवस चुकला तर खाडा भरावयाचा. त्यांच्या मजुरीचा दर कारखान्यांचा संघ व मजुरांच्या संघटना यांच्या वाटाघाटींतून ठरतो, आणि गांठ सुटली नाहीं तर लवादाकडे जातो. पूर्वीं तेथें श्री. शरद पवार व कै. गोपीनाथ मुंडे असत. पुढें मुंडे यांच्या जागीं त्यांच्या कन्या श्रीमती पंकजा मुंडे आल्या. २०२० च्या ऑक्टोबरांत १४ टक्के वाढ झाली, २०२४ च्या जानेवारींत ३४ टक्के. हे सर्व आंकडे वर्तमानपत्रांत छापून आले; कोणी किती मागितलें, कोण कितीवर उतरलें, ‘कोयता बंद’ची हांक कोणी दिली, सर्व उघड. लवाद करणाऱ्या दोघांचाहि साखर-कारखानदारीशीं जुना संबंध आहे, तोहि उघडच आहे, आणि उघड संबंधास आम्ही दोष देत नाहीं.

परंतु मजुरीच्या पलीकडे जें आहे, तें वेशीबाहेर यावयास किती काळ लागला! २०१९ सालीं बीड जिल्ह्यांतील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांची वार्ता वर्तमानपत्रांतून आली, तेव्हां विधिमंडळांत प्रश्न निघाला आणि डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमली गेली. पाहणी झालेल्या ८२,३०९ स्त्रियांपैकीं १३,८६१ जणींचें गर्भाशय काढलेलें आढळलें. ही संख्या एका रात्रींत झाली नाहीं. वर्षानुवर्षें ती वाढत होती, आणि त्या स्त्रियांच्या वतीनें मंत्रालयांत शब्द टाकणारा कोणी नव्हता. त्याच वर्षांत साखरेच्या किमान भावाकरितां शब्द टाकणारे पुष्कळ होते. दोन्ही भेटींची वही जर उघडी असती, तर एका बाजूचीं पानें भरलेलीं आणि दुसऱ्या बाजूचीं कोरीं, हें एखाद्या शाळामास्तरासहि वेळींच दिसलें असतें. आमच्या मतें अशा वहीचा हा सर्वांत मोठा उपयोग: कोण बोललें याइतकेंच, कोण बोललें नाहीं, हें ती दाखविते.

आपल्या देशांतील एका प्रकरणाची बातमी तर आपणांस परक्या देशाच्या वहींतून कळली. २०१२ च्या अखेरीस पार्लमेंटांत मोठा गदारोळ झाला, कारण वॉलमार्ट कंपनीनें हिंदुस्थानच्या बाजारपेठेंत शिरकाव मिळावा या व इतर विषयांकरितां केलेल्या लॉबिंगचा खर्च अमेरिकेंतील कायद्याप्रमाणें तेथील कचेरींत दाखल केला होता. तो खर्च अमेरिकेंतला. येथें काय झालें, याची चौकशी करण्यास न्यायमूर्ति मुकुल मुदगल यांची समिति नेमली गेली, पण तिला निश्चित निष्कर्षाप्रत येतां आलें नाहीं. येईल कसें? पाहावयास येथें वहीच नव्हती. २०१३ सालीं ओडिशाचे खासदार कलिकेश नारायण सिंह देव यांनीं लोकसभेंत लॉबिंग उघड करण्याविषयींचें खाजगी विधेयक आणलें. खाजगी विधेयकांचें बहुधा जें होतें तेंच त्याचें झालें. २०१४ सालीं केंद्र सरकारनें, कायद्यांचे मसुदे तीस दिवस लोकांपुढें ठेवून अभिप्राय मागवावेत असें ठरविलें. तें चांगलें झालें, पण तें धोरण आहे, कायदा नव्हे, आणि मसुदा तयार होण्यापूर्वींच जें कानीं लागणें होतें त्यास तें पोंचत नाहीं.

बाहेरचे देश या बाबतींत एकाच वाटेनें गेले नाहींत. अमेरिकेचा पहिला कायदा १९४६ चा, तो फार सैल ठरला. १९९५ सालीं नवा आला, २००७ सालीं तो घट्ट केला, आणि तेथें दर तिमाहीस हिशेब द्यावा लागतो. इंग्लंडनें २०१४ सालीं कायदा केला खरा, पण त्यानें फक्त दुसऱ्यांकरितां पैसे घेऊन बोलणारे सल्लागार नोंदविले. कंपनीचा स्वतःचा नोकर मंत्र्यांस भेटला तर त्या यादींत त्याचें नांव येत नाहीं. हा आमच्या साखरेच्या मुलुखास मुळींच न लागू पडणारा नमुना. कानडांत भेट झाल्यावर पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आंत ती कळवावी लागते. आम्हांस सर्वांत पसंत पडतो तो आयर्लंडचा नमुना. तेथील २०१५ च्या कायद्याप्रमाणें दहाहून अधिक नोकर असलेले धंदे, धंदेवाल्यांचे संघ आणि पगारी मध्यस्थ यांस वर्षांतून तीन वेळां लिहून द्यावें लागतें कीं, आपण कोणत्या मंत्र्यास वा अधिकाऱ्यास भेटलों, विषय कोणता, आणि काय घडवून आणावयाचें होतें. हें सर्व कोणासहि घरबसल्या वाचतां येतें. मंत्रिपद सोडलेल्या माणसास वर्षभर आपल्या जुन्या खात्यांत लॉबिंग करतां येत नाहीं. आणि स्वतःच्या खाजगी कामाकरितां अर्ज करणाऱ्या व्यक्तीस या सर्वांतून वगळलें आहे. म्हणजे शिरूरच्या शेतकऱ्यास विहिरीच्या अनुदानाकरितां आमदारास भेटावयाचें असेल तर त्याच्यावर कसलेंहि ओझें नाहीं.

यावर दोन आक्षेप हमखास येतात. पहिला, धंद्याचीं गुपितें उघडीं होतील. पण विषय व मागणी लिहिणें म्हणजे साखरेचा कस काढण्याची कृति लिहिणें नव्हे. दुसरा आक्षेप अधिक विचार करण्याजोगा आहे: नोंद करावयाची म्हटलें कीं भेटी दालनांतून निघून लग्नाच्या मांडवांत, विमानांत, नाहींतर रात्रीच्या जेवणावर होतील. कांहीं होतीलच. म्हणूनच भेटीची जागा कोणतीहि असो, सरकारी धोरणाविषयीं बोलणें झालें कीं तें लिहिलें पाहिजे, आणि लिहिण्याची जबाबदारी भेटणारा व मंत्री अशा दोघांवरहि असली पाहिजे. एकानें लिहिलें व दुसऱ्यानें गाळलें, तर दोन वह्या ताडून पाहतांच चूक उघडी पडेल. घरच्या रोजमेळाची किराणा दुकानाच्या वहीशीं गांठ घालणाऱ्या कोणत्याहि गृहिणीस ही रीत नवी नाहीं. जे मंत्री स्वतःच कारखान्याशीं बांधलेले आहेत, त्यांनीं त्या धंद्याविषयींच्या फायलीवर सही करण्यापूर्वीं आपला संबंध त्याच फायलीवर लिहावा. अशा नोंदी पाहण्याकरितां सरकारच्या हाताखालचें खातें चालणार नाहीं. माहिती आयोगासारखा कायद्यानें स्थापिलेला स्वतंत्र अधिकारी हवा, आणि खोटी नोंद करणाऱ्यास दंड हवा.

दिल्लीचा कायदा होईल तेव्हां होईल. राज्य सरकारला आपल्या मंत्र्यांपुरता आणि सचिवांपुरता नियम करावयास कोणाची परवानगी लागत नाहीं. माहिती अधिकाराचा कायदाहि महाराष्ट्रानें २००२ सालीं, दिल्लीच्या तीन वर्षें आधीं केला होता. नवें यंत्रहि लागणार नाहीं. शिरूर कासारच्या बारनिशींत जी वही आहे, तिचे तारीख, नांव, गांव, विषय हे रकाने मंत्र्यांच्या दालनांतहि चालतील. त्यांत एक रकाना मात्र नवा आंखावा लागेल, ‘कोणाच्या वतीनें’.